कीटक जातिवृत्त व डीएनए अनुक्रम

कीटकांच्या निरनिराळ्या गणांचे, कुलांचे व जातींचे परस्परांशी असलेले वांशिक नाते त्यांच्या डीएनएमधील (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लामधील) घटकांच्या क्रमावरून ठरविण्याच्या पद्धती व त्यांतून निघालेले निष्कर्ष यांचा विचार या नोंदीत केला आहे. एखाद्या जीवसमूहाच्या वंशपरंपरेच्या इतिहासाला जातिवृत्त म्हणतात. कीटक वर्गातील सु. दहा लाख जातींचे वर्णन आजवर झाले असून ज्ञात प्राण्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती याच वर्गातील आहेत. पिकांवरील किडी, रोगवाहक डास, परागण करणाऱ्या मधमाश्या व लाकूड पोखरणारी वाळवी या सर्वांचा त्यांत समावेश होतो. त्यामुळे त्यांच्या नात्याचा प्रश्न केवळ वर्गीकरणाच्या सोयीचा नसून शेती व आरोग्य यांच्याशीही निगडित आहे [⟶ कीटक].

पार्श्वभूमी : कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांनी कीटकांचे गण मुख्यतः पंखांवरून पाडले होते. कोलिऑप्टेरा (भुंगेऱ्यांचा गण), डिप्टेरा (माश्या व डास यांचा गण), लेपिडॉप्टेरा (फुलपाखरे व पतंग यांचा गण) ही नावे अद्यापि रूढ आहेत. तथापि, नुसत्या साम्यावरून नाते ठरविता येत नाही, हे पुढे जर्मन कीटकवैज्ञानिक व्हिली हेनिग (१९१३–७६) यांनी स्पष्ट केले. साम्य दोन प्रकारचे असते. सहा पाय हे लक्षण सर्वच कीटकांत असल्यामुळे त्यावरून भुंगेरा हा चतुरापेक्षा फुलपाखराला जवळचा आहे किंवा कसे, हे कळत नाही. उलट, अळी व प्रौढ यांच्या दरम्यानची कोशावस्था हे एका ठरावीक शाखेत नव्याने आलेले लक्षण असून ते भुंगेरे, फुलपाखरे, माश्या व मधमाश्या यांना एकत्र आणते. अशी सामायिक नवलक्षणेच नात्याचा पुरावा होत, हे हेनिग यांचे प्रतिपादन १९५० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. कीटकांच्या जातिवृत्तावरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १९६९ साली निघाला.

या तत्त्वाचा वापर करताना येणारी मोठी अडचण म्हणजे एकच लक्षण स्वतंत्रपणे अनेकदा उत्पन्न होऊ शकते अथवा नाहीसे होऊ शकते. ऊ व पिसू या दोघींनाही पंख नाहीत परंतु त्यांचे पूर्वज अगदी भिन्न होते. खंडोबाचा किडा व मँटिस्पा या कीटकांचे भक्ष्य पकडणारे पुढचे पाय इतके सारखे दिसतात की, अनभिज्ञास ते एकाच कुलातील वाटावेत. पण त्यांचे गणही वेगळे आहेत. शरीररचनेतील लक्षणांची संख्या मर्यादित असल्यामुळे अशा फसव्या साम्यांचा निवाडा करणे अवघड जाते. म्हणून शरीररचनेहून स्वतंत्र असा पुरावा आवश्यक वाटू लागला.

डीएनएमधील पुरावा : डीएनएचा रेणू अॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व थायमीन या चार क्षारकांच्या लांबलचक माळेसारखा असतो. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना या माळेची नक्कल होते आणि क्वचित एखादा क्षारक बदलतो. एका पूर्वजापासून दोन वंशशाखा फुटल्या म्हणजे त्यांतील बदल स्वतंत्रपणे साचू लागतात. त्यामुळे दोन जातींमधील एकाच जीनाचे (आनुवंशिक घटकाचे) अनुक्रम ताडून पाहिले असता त्यांच्या इतिहासाचा माग लागू शकतो. एकेका जीनात शेकडो ते हजारो क्षारक असल्याने आणि प्रत्येक स्थान हे एक लक्षण मानता येत असल्याने पुराव्याचे प्रमाण एकदम वाढते. शिवाय ज्यांच्या शरीररचनेत ताडून पाहण्याजोगे फारसे काही उरलेले नाही अशा जीवोपजीवी (दुसऱ्या जीवावर जगणाऱ्या) कीटकांनाही हा पुरावा लागू पडतो.

रेणूंवरून वंशेतिहास वाचण्याची कल्पना एमिल झुकरकँड्ल व लायनस पॉलिंग यांनी १९६०–७० या दशकाच्या आरंभी प्रथिनांच्या संदर्भात मांडली. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये डीएनएचा अनुक्रम वाचण्याची सुलभ पद्धत दिली. त्यानंतर कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये डीएनएच्या एखाद्या तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची बहुवारिक शृंखला विक्रिया शोधून काढली. या विक्रियेमुळे संग्रहालयातील वाळलेल्या नमुन्याचा एखादा पायही तपासणीस पुरेसा ठरू लागला. १९८५ मध्ये ड्रॉसोफिला याकूबा या फळमाशीच्या कलकणूंमधील (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांमधील) डीएनएचा संपूर्ण अनुक्रम प्रसिद्ध झाला. त्यात १६,०१९ क्षारक जोड्या असून ३७ जीन आहेत. २००० साली ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या जातीचा, २००२ साली ॲनॉफेलीस गँबिई या डासाचा व २००६ साली मधमाशीचा जीनसंच (सर्व जीनांसह एकूण डीएनए) उपलब्ध झाला.

सर्वच जीन सारख्या वेगाने बदलत नाहीत. कोशिकेत प्रथिने तयार करणाऱ्या रिबोसोमांचे काही जीन अतिशय सावकाश बदलतात. त्यामुळे गणांमधील कोट्यवधी वर्षांपूर्वीची नाती शोधण्यास ते उपयोगी पडतात. कलकणूंतील जीन त्वरेने बदलत असल्याने जवळच्या जातींमधील भेद त्यांत उमटतात. मात्र फार जुन्या घटनांच्या बाबतीत एकाच स्थानी वारंवार बदल होऊन आधीच्या खुणा पुसल्या जातात. सेकंदकाट्यावरून दिवस मोजता येत नाहीत आणि तासकाट्यावरून क्षण मोजता येत नाहीत, तसाच हा प्रकार आहे.

विश्लेषणाच्या पद्धती : प्रथम निरनिराळ्या जातींचे अनुक्रम एकाखाली एक असे मांडतात की, एका रकान्यातील सर्व क्षारक पूर्वजातील एकाच स्थानापासून आलेले असावेत. काही जातींत क्षारक गळालेले वा नव्याने घुसलेले असल्यामुळे ही मांडणी नेहमीच सरळ नसते. ती चुकल्यास पुढील सर्व गणित चुकते. त्यानंतर संभाव्य वंशवृक्षांमधून सर्वांत ग्राह्य वृक्ष निवडावयाचा असतो. चार जाती असल्यास मूळ न दर्शविलेले तीनच वृक्ष संभवतात. पण दहा जातींसाठी त्यांची संख्या २०,२७,०२५ होते. यामुळे हे काम संगणकाखेरीज होऊ शकत नाही.

निवडीच्या प्रमुख कसोट्या दोन प्रकारच्या आहेत. पहिलीत सर्वांत कमी बदल गृहीत धरावे लागतील तो वृक्ष पसंत करतात. दुसरीत क्षारक कसे व किती वेगाने बदलतात याचे गणितीय प्रतिमान आधी ठरवून, हाती आलेले अनुक्रम ज्या वृक्षावरून निपजण्याची संभाव्यता सर्वाधिक असेल तो वृक्ष निवडतात. बेझ यांच्या प्रमेयावर आधारलेल्या पद्धतीही या दुसऱ्या प्रकारात मोडतात. निष्कर्षाची स्थिरता पाहण्यासाठी मूळ रकान्यांतून यदृच्छेने पुनःपुन्हा निवड करून वृक्ष तयार करतात आणि एखादी शाखा शेकडा किती वेळा दिसते ते मोजतात. जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी १९८५ मध्ये सुचविलेली ही कसोटी फार प्रचलित आहे. तथापि, ती पुराव्यातील एकवाक्यता दाखविते, सत्यता नव्हे. पुराव्यातच एका दिशेचा कल असेल, तर चुकीच्या शाखेलाही शेकडा शंभर आधार मिळू शकतो. हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे पुढील उदाहरणावरून दिसून येते.

स्ट्रेप्सिप्टेरा गणाचा प्रश्न : विल्यम कर्बी यांनी १८१३ मध्ये स्थापिलेल्या या गणात सु. सहाशे जाती आहेत. बहुतेकींच्या माद्या बिनपंखी असून मधमाश्या, गांधीलमाश्या, तुडतुडे इत्यादींच्या शरीरात आयुष्यभर राहतात. नर उडतात; त्यांचे मागचे पंख पंख्यासारखे पसरट, तर पुढचे आखूड गदेसारखे असतात व उडताना तोल सांभाळण्यास उपयोगी पडतात. डिप्टेरा गणातही पंखांची एक जोडी अशाच संतोलकांत रूपांतरित झालेली असते, परंतु ती मागची. काही वैज्ञानिक स्ट्रेप्सिप्टेरा गण भुंगेऱ्यांच्या जवळचा, तर काही त्यांच्यापैकीच एक मानीत.

१९९४ पासून रिबोसोमी जीनांच्या अनुक्रमांवरून हा गण माश्यांचा निकटतम आप्त असल्याचे प्रतिपादन करण्यात आले. तसे असेल, तर शरीरखंडांची ओळख ठरविणाऱ्या जीनांतील बदलाने पुढचे व मागचे संतोलक एकमेकांच्या जागी आले असावेत, असा आकर्षक तर्कही मांडला गेला. परंतु दोन्ही गणांचे रिबोसोमी जीन असाधारण वेगाने बदललेले होते. क्षारक चारच असल्याने वेगाने बदलणाऱ्या दोन शाखांत केवळ योगायोगाने पुष्कळ स्थानी तोच क्षारक येतो आणि गणन पद्धती तो नात्याचा पुरावा समजते. फेल्सेन्स्टाइन यांनी १९७८ मध्येच सैद्धांतिक रीत्या दाखविलेल्या या दोषास लांब शाखांचे आकर्षण म्हणतात. त्याचा विशेष असा की, त्याच प्रकारचा पुरावा जितका वाढवावा तितका चुकीचा निष्कर्ष अधिक पक्का होत जातो.

या वादात निराळ्या प्रकारचा पुरावा उपयोगी पडला. १९९९ मध्ये एनग्रेल्ड या जीनात माश्या व पतंग यांच्यात आढळणारा एक घुसलेला खंड स्ट्रेप्सिप्टेरात नाही, असे दिसून आले. असे खंड क्वचितच घुसत असल्याने वेगातील फरकाचा त्यांवर फारसा परिणाम होत नाही. पुढे २०१२ मध्ये मेंगेनिला वंशातील एका जातीचा जीनसंच वाचला गेला आणि स्ट्रेप्सिप्टेरा हा भुंगेऱ्यांचा भगिनीगण असल्याचा निष्कर्ष निघाला. २०१४ मधील व्यापक अभ्यासानेही त्याला दुजोरा दिला. जुन्या शरीररचनाशास्त्रज्ञांपैकी अनेकांचे मत अशा रीतीने बरेचसे खरे ठरले. मात्र हा गण भुंगेऱ्यांच्या अंतर्गत नसून त्यांच्या शेजारचा आहे, हे अनुक्रमांमुळे कळले.

महत्त्वाचे निष्कर्ष : (१) कीटकांचे मूळ : कीटक व गोम-वाणी यांसारखे बहुपाद प्राणी यांना श्वासनाल, उत्सर्जनासाठी मालपीगी नलिका व शृंगिकांची एकच जोडी असल्याने ते निकटचे आप्त मानले जात. परंतु १९९५ पासून रिबोसोमी जीनांनी, तसेच १९९८ मध्ये कलकणूंतील जीनांच्या मांडणीने कीटकांचे नाते कवचधारी प्राण्यांशी (झिंगे, खेकडे इत्यादींशी) जोडले. या दोन्ही समूहांत एक लहान जीन मूळ जागेवरून हलून त्याच नव्या जागी बसलेला आहे व बहुपादांत तो मूळ जागीच आहे. २०१० मध्ये ७५ संधिपाद जातींतील ६२ जीनांच्या अभ्यासानेही हाच निष्कर्ष दिला. कीटक हे कवचधारींच्याच एका शाखेतून निघाले असून १९७९ मध्ये बहामा बेटांवरील जलमय गुहांत सापडलेले रेमिपीडिया हे अंध प्राणी त्यांचे बहुधा सर्वांत जवळचे आप्त आहेत. बहुपादांशी दिसणारे साम्य मुख्यतः जमिनीवरील जीवनाशी स्वतंत्रपणे झालेल्या अनुकूलनामुळे आले आहे.

(२) वाळवी व झुरळे : समाजप्रिय वाळवीचा आयसॉप्टेरा हा स्वतंत्र गण मानीत असत. क्रिप्टोसर्कस हे लाकूड खाणारे झुरळ व वाळवीच्या काही जाती यांच्या आतड्यांतील आदिजीव अतिशय सारखे असल्याचे अमेरिकन वैज्ञानिक एल. आर. क्लीव्हलँड यांनी १९३४ मध्येच दाखविले होते. २००० व २००७ मध्ये अनेक जीनांच्या अभ्यासातून हे झुरळ वाळवीचे निकटतम आप्त ठरले. म्हणजेच वाळवी ही झुरळांचीच एक समाजशील शाखा असून तिचा समावेश आता ब्लॅटोडिया (झुरळांच्या) गणात करतात. येथे आतड्यांतील आदिजीव, शरीररचना व अनुक्रम या तिन्हींची साक्ष जुळते, म्हणून हा निष्कर्ष विशेष भक्कम मानला जातो.

(३) उवा : उवा या जुन्या कागदांत व साली-पाचोळ्यात आढळणाऱ्या सोकिड कीटकांमधूनच निघाल्या आहेत, हे आता मान्य झाले आहे. २००४ मध्ये एका रिबोसोमी जीनावरून उवांची जीवोपजीविता दोनदा स्वतंत्रपणे उद्भवली असा निष्कर्ष निघाला होता. नंतर जीनसंचांच्या अभ्यासांत ती एकदाच उद्भवल्याचे दिसून आले. एकाच जीनावर विसंबण्यातील धोका येथेही दिसतो.

कालनिर्णय : बदलांच्या वेगाचा अंदाज घेऊन शाखा केव्हा फुटल्या हे काढता येते. मात्र वेग शाखाशाखांत भिन्न असल्याने हे रेणवीय घड्याळ वय माहीत असलेल्या जीवाश्मांशी जुळवून घ्यावे लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १,४७८ जीनांवरून कीटकांचा उगम सु. ४८ कोटी वर्षांपूर्वी व उड्डाणाचा आरंभ सु. ४०.६ कोटी वर्षांपूर्वी झाला असे अनुमान काढण्यात आले. पंख असलेल्या कीटकांचे निःसंशय जीवाश्म मात्र सु. ३२.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सु. आठ कोटी वर्षांची ही तफावत जीवाश्म न सापडल्यामुळे आहे की घड्याळाच्या गणनेतील दोषामुळे, याविषयी मतभेद आहेत.

प्राचीन जीवाश्मांतूनच डीएनए मिळाल्यास असे प्रश्न सुटतील, अशी आशा १९९२–९३ मध्ये निर्माण झाली होती. अंबरात (वृक्षांच्या राळेच्या जीवाश्मात) अडकलेल्या वाळवी व मधमाशीतून, तसेच लेबाननमधील बारा कोटी वर्षांहून जुन्या सोंडकिड्यातून डीएनए मिळविल्याचे जाहीर झाले. परंतु लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझीयममधील संशोधकांनी कसोशीने केलेल्या प्रयत्नांत असा डीएनए मिळाला नाही व १९९७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतील आधुनिक डीएनएची भेसळ झाली असावी, असे आता मानतात. त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कीटकांच्या बाबतीत जीवाश्मांची शरीररचना हाच प्रत्यक्ष पुरावा आहे.

जीनवृक्ष व जातिवृक्ष : एखाद्या जीनाचा इतिहास हा जातीच्या इतिहासासारखाच असेल असे नाही. आफ्रिकेतील हिवतापाचा प्रसार करणाऱ्या ॲनॉफेलीस गँबिई या डासाच्या आप्तसमूहाचे जीनसंच २०१५ मध्ये तपासण्यात आले. त्यांच्या डीएनएच्या बहुतांश भागावरून गँबिई व अॅरेबिएन्सिस या जाती निकटच्या वाटतात. परंतु जातींच्या फुटण्याचा मूळ क्रम मुख्यतः एक्स या लिंग गुणसूत्रावर टिकून राहिला असून इतरत्र दिसणारी जवळीक ही नंतरच्या संकरामुळे आली आहे. म्हणजे बहुमताने वृक्ष ठरविला असता तो चुकला असता. याचा व्यावहारिक अर्थही गंभीर आहे. रोगप्रसारास पोषक असे गुण संकरातून एका जातीतून दुसरीत जाऊ शकतात, हे नियंत्रणाच्या योजना आखताना विचारात घ्यावे लागते.

उपयोग : दिसावयास सारख्या पण वस्तुतः भिन्न असलेल्या जाती ओळखणे हा या अभ्यासाचा एक मोठा लाभ होय. भारताच्या ग्रामीण भागातील हिवतापाचा प्रमुख वाहक ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीज हा पाच सहोदर जातींचा समूह आहे. त्या बाहेरून ओळखता येत नाहीत. त्यांना अ, ब, क, ड व इ असे संबोधिल्यास, त्यांपैकी ब ही भारतात हिवताप पसरविण्यात फारशी समर्थ नाही, तर इ ही दक्षिणेत महत्त्वाची वाहक आहे. आरंभी हे भेद गुणसूत्रांवरून ओळखले गेले, पुढे डीएनएवरील कसोट्या उपलब्ध झाल्या. कोणती जाती कोठे आहे हे ठाऊक नसल्यास निरुपद्रवी डासांवर कीटकनाशक व पैसा खर्च होण्याचा संभव असतो.

पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये कलकणूंतील एका जीनाचा सु. ६५० क्षारकांचा तुकडा जाती ओळखण्याची सर्वसाधारण खूण म्हणून वापरण्याचे सुचविले. मका पिकाची हानी करणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली, तेव्हा तिची ओळख शरीररचनेबरोबर याच जीनावरून पक्की करण्यात आली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. अळी अवस्थेत जवळच्या जाती ओळखणे कठीण असल्याने अशी त्वरित खात्री मोलाची ठरते.

मानवी इतिहासावरही या अभ्यासाने प्रकाश टाकला आहे. अंगावरची ऊ कपड्यांत राहते. म्हणून ती डोक्यातील उवेपासून केव्हा वेगळी झाली यावरून मानव कपडे केव्हा वापरू लागला याचा अंदाज येतो. २०११ मधील गणनेनुसार हा काळ किमान ८३,००० व कदाचित १,७०,००० वर्षांपूर्वीचा आहे.

मर्यादा : काही प्रश्न हजारो जीन हाती असूनही सुटलेले नाहीत. मे माश्या, चतुर व इतर सर्व पंखधारी कीटक या तीन शाखांपैकी कोणती आधी फुटली, याचा निर्णय १,४७८ जीनांनीही निःसंदिग्धपणे लागला नाही. फार थोड्या अवधीत शाखा फुटल्या असतील, तर त्या अवधीत झालेले बदल मोजकेच असतात आणि पुढील कोट्यवधी वर्षांत तेही झाकले जातात. अशा वेळी अनुक्रमांची संख्या वाढविण्यापेक्षा अधिक जातींचा समावेश करणे, वास्तवाला अधिक जुळणारी प्रतिमाने वापरणे आणि जीनांच्या मांडणीतील दुर्मिळ बदल शोधणे अधिक फलदायी ठरते.

अनुक्रमांनी शरीररचनेच्या अभ्यासाची जागा घेतली, असे म्हणता येत नाही. वंशवृक्षाचा अर्थ लावण्यासाठी लक्षणे व जीवाश्म लागतात. शिवाय ज्या नमुन्यातून डीएनए काढला तो कोणत्या जातीचा आहे, हे मूलतः वर्गीकरणतज्ञासच सांगावे लागते. नाव चुकले, तर अचूक वाचलेला अनुक्रमही दिशाभूल करतो. म्हणूनच तपासलेला नमुना संग्रहालयात जपून ठेवण्याचा प्रघात आहे. अनुक्रम, शरीररचना, जीवाश्म व जीवनक्रम यांची स्वतंत्र साक्ष जेथे जुळते, तेथील निष्कर्षच कीटकांच्या जातिवृत्तात टिकून राहिले आहेत.